सबनीस काकांची हार्ड डिस्क

माझ्या दुकानात काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक ओळ रंगवलेली आहे — तुमचं ते तुमचंच. खाली बारीक अक्षरात, जुनी हार्ड डिस्क तुमच्यासमोर फोडून मिळेल. लोक ती ओळ वाचतात आणि निर्धास्त होतात. एका माणसाच्या बाबतीत ती ओळ खोटी ठरली, आणि ती खोटी पाडणारा मीच. हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोलाही माहीत नाही. देवासमोर हात जोडतो तेव्हासुद्धा या विषयाला वळसा घालून पुढे जातो. तुम्हाला का सांगतोय? बहुतेक तुम्ही माझं गिऱ्हाईक नाही म्हणून.

मी मिलिंद. राहायला डोंबिवलीत, दुकान ठाण्यात, वर्तकनगरच्या एका जुन्या कॉलनीत. कॉम्प्युटर दुरुस्ती. वडील वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात लेथवर होते, म्हणून हत्यारं हाताळायची सवय घरातूनच आली. तोंड मात्र माझं स्वतःचं. मी बोलायला लागलो की आपण काय दुरुस्त करायला आलो होतो हे गिऱ्हाईक विसरतं, असं बायको म्हणते. खोटं नाही ते.

आता हे डिस्क फोडणं म्हणजे काय, ते आधी सांगतो. जुना कॉम्प्युटर काढायची वेळ आली की लोक काय करतात? सगळं डिलीट करतात, रिसायकल बिन रिकामी करतात आणि हात झटकतात. मी त्यांना म्हणतो, अहो, दारावरची नावाची पाटी काढली म्हणून भाडेकरू घर सोडून जातो का? आतच असतो तो. आधार कार्ड, बँकेचे कागद, मुलीच्या साखरपुड्याचे फोटो, सगळं जागच्या जागी. ज्याला काढता येतं तो काढतो. खरं पुसायचं तर पूर्ण डिस्कवर नव्याने काहीतरी लिहून काढावं लागतं. त्याला वेळ लागतो, आणि झालं की नाही हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. दिसत नाही त्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून मी ड्रिल मशीन आणलं. डिस्क पक्की धरायची आणि आतल्या चकत्यांच्या आरपार भोक पाडायचं, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत. लोकांना बघायला आवडतं. काहीजण ती भोक पडलेली डिस्क घरी घेऊन जातात, काहीजण माझ्याकडेच टाकून जातात. टाकलेल्या डिस्कचा एक डबा माझ्याकडे आतल्या खोलीत होता. तो डबा लक्षात ठेवा.

सबनीस काका आणि काकू समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. काका म्हणजे कॉलनीच्या गणपतीचा माइक. आरतीला किती वेळ आहे, कुणाची स्कूटर वाटेत आडवी लावली आहे, पाककला स्पर्धेत कुणाच्या मोदकाला बक्षीस — सगळं काकांच्या आवाजात. भारदस्त आवाज, आणि मध्येच एखादी कोपरखळी. त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी त्यांच्या घशात कॅन्सर निघाला. पावसाळ्यात ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढावं लागलं. माणूस वाचला. गळ्याला श्वासापुरतं एक भोक राहिलं, त्यावर ते पातळ सुती रुमाल बांधतात. तेव्हापासून खिशात मुलांची असते तशी एक इलेक्ट्रॉनिक पाटी असते. त्यावर लिहितात, तुम्हाला दाखवतात, बटण दाबलं की लिहिलेलं जातं.

आणि मग आला दसरा.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा असते. वडील कारखान्यात होते तेव्हा लेथला हळद-कुंकू, झेंडूचा हार, आणि दिवसभर यंत्र बंद. वर्षभर राबतं, एक दिवस त्याचा, असं ते म्हणायचे. तीच रीत मी दुकानात ठेवली. सकाळी बायकोने आणि मी आतल्या खोलीत पाटावर सगळं मांडलं — स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंगचं मशीन, हातोडा, आणि मधोमध ड्रिल मशीन, त्याला सगळ्यात मोठा हार. दुकान उघडं, पण फक्त शुभेच्छा आणि पेढे. हत्याराला हात नाही.

दुपारी काकू आल्या. त्यांचा मुलगा बंगळूरहून आला होता आणि मुहूर्तावर त्यांच्यासाठी नवा लॅपटॉप घेतला होता. जुन्या कॉम्प्युटरमधली डिस्क त्याने घरीच काढून दिली होती. काकूंनी ती रुमालात गुंडाळून आणलेली. अष्टमीला टेंभी नाक्यावर देवीच्या रांगेत कुणा बाईने त्यांना सांगितलं होतं की भंगारात दिलेल्या कॉम्प्युटरमुळे तिच्या दिरांचं बँकेचं खातं साफ झालं. तेव्हापासून काकूंच्या जिवाला घोर.

"अरे मिलिंद, हे आजच फोडून टाक ना रे. हा रात्री निघतोय, त्याच्यासमोर विषय संपला म्हणजे मी सुटले. तो म्हणत होता घरीच हातोडा घालतो. मी म्हटलं, नको बाई, मिलिंद चोख करतो."

चोख. या शब्दाने माझी वाट लागली असं म्हणावंसं वाटतं — पण शब्दाचा काय दोष? काकू, मशीन पूजेत आहे, उद्या सकाळी करतो, एवढंच म्हणायचं होतं. काकूंसारखी दसऱ्याला सरस्वती काढून पूजणारी बाई हसून हो म्हणाली असती. उलट कौतुकच केलं असतं. पण मला नाही म्हणता येत नाही. कधीच आलं नाही. समोरचा माझ्याकडे भरवशाने बघत असला की माझ्या तोंडून आधी हो निघतं आणि मग मी विचार करतो. मी म्हणालो, "ठेवून जा काकू, करतो." त्या म्हणाल्या, मारुतीच्या देवळात जाऊन येते तोवर.

त्या गेल्या आणि मी आत गेलो. पाटासमोर उभा राहिलो. हार उचलून बाजूला ठेवावा, मशीन चालवावं, परत हार घालावा — कोण बघत होतं? पण वडिलांची रीत मोडायला हात धजेना. मग डब्याकडे लक्ष गेलं. त्यातली एक भोक पडलेली डिस्क काढली. कधीतरी एका क्लासवाल्याने टाकून दिलेली होती. पुसली, काकूंच्या रुमालात गुंडाळली. काकूंची डिस्क काउंटरच्या खालच्या खणात ठेवली. उद्या सकाळी पूजा उतरली की पहिलं काम हेच, असं मनाशी ठरवलं. यंत्राला विश्रांती दिली आणि खोट्याला कामाला लावलं. वर वाटत काय होतं, तर आपण धर्म पाळला.

काकू परत आल्या. रुमाल उलगडून भोक बघितलं, त्यावर बोटही फिरवून बघितलं आणि समाधानाने मान डोलावली. मला आपट्याची पानं दिली. मी घेतली.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या दिवशी फोडली असेल. नाही. दुसऱ्या दिवशी खण उघडला तेव्हा वाटलं, डिस्क चांगली आहे, पुसून कुणाच्या तरी उपयोगी पडेल. फोडायला जीव होईना. मग दिवाळीची गर्दी. साफसफाईत घरोघरची अडगळ बाहेर निघते, तशी माझ्याकडे येते. खण उघडायचा, डिस्क दिसायची, खण बंद व्हायचा.

भाऊबीजेला सकाळी थोडा वेळ दुकान उघडलं होतं. काका एकटेच आले. काकू घरात भावाच्या तयारीत असणार. काकांनी काउंटरवर कापडी पिशवी ठेवली, पिशवीतून रुमाल काढला, रुमालातून ती डिस्क. मग पाटी काढून लिहायला लागले. त्यांचं अक्षर सुंदर आहे, बँकेतल्या जुन्या माणसांचं असायचं तसं. पाटी लहान असल्यामुळे एक-एक वाक्य लिहायचे, मी वाचलं की बटण दाबायचे, पुढचं लिहायचे.

हळूहळू मला कळलं ते असं. ऑपरेशनच्या आधी, काकू भजनाला गेल्या की काका कॉम्प्युटरसमोर बसून बोलायचे. रेकॉर्ड करायचे. माइकवरचं बोलणं नव्हे, ते तर मुलाच्या फोनमध्ये पुष्कळ आहे. घरातलं बोलणं. काकूंना हाक मारायचे ती हाक. रोज म्हणायचे ती वाक्यं. ते सगळं त्यांनी 'सोसायटी मेंटेनन्स' नावाच्या फोल्डरमध्ये लपवलं होतं, कारण काकू तो कधी उघडणार नाहीत. पाडव्याला काकूंनी ओवाळलं की ओवाळणी म्हणून ऐकवायचं होतं. पाडव्याला त्यांनी नवा लॅपटॉप उघडला, तर मुलाने जुन्यातून फोटो आणले होते, कागदपत्रं आणली होती. मेंटेनन्सची जुनी बिलं कशाला हवीत म्हणून तो फोल्डर तेवढा आणला नव्हता. काका कुणाला काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय? ओवाळणी म्हणून त्यांनी साडी दिली.

शेवटी त्यांनी लिहिलं — यातून काही निघेल का?

आणि माझ्यासमोर ती क्लासवाल्याची डिस्क ठेवली. त्यांचा आवाज माझ्या गुडघ्याजवळच्या खणात होता. धडधाकट. एक बोट न लावलेला. खण उघडायला किती वेळ लागला असता?

मला काय म्हणता आलं असतं ते मी नंतर पुष्कळदा मनात म्हणून बघितलं आहे. काका, माफ करा, त्या दिवशी मशीन पूजेत होतं, मी काकूंना दुसरीच डिस्क दिली, तुमची ही घ्या. एवढंच. त्या माणसाने मला मिठी मारली असती. रागावले असते का? मला नाही वाटत. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर काका नव्हतेच. मला दिसत होता त्यानंतरचा प्रश्न. म्हणजे मिलिंद समोर फोडतो म्हणतो आणि दुसऱ्याचीच डिस्क हातात देतो? मग आमची कुठे आहे? आमची कुठे आहे? अख्खी कॉलनी दारात येऊन हेच विचारतेय असं मला दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

मी ती डिस्क उचलली. उजेडाकडे धरली, भोकातून बघितल्यासारखं केलं. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण नाटकाला तेवढं लागतंच. आणि म्हणालो, "नाही काका. एकदा भोक पडलं की संपलं. आता आवाज नाही निघणार यातून."

वाक्य तोंडातून गेलं आणि मग मला ऐकू आलं की आपण कुणासमोर काय बोललो. काकांचा हात गळ्याच्या रुमालाकडे गेला. मुद्दाम नव्हे, आपला नुसता गेला. ते हसले. त्यांचं हसू आता बिनआवाजाचं असतं, फक्त खांदे हलतात.

मग पाटीवर लिहून त्यांनी माझ्यासमोर धरलं. तुझी चूक नाही. तू तुझं काम चोख केलंस. आणि खाली — हिला सांगू नकोस.

बटण दाबलं, ते गेलं. पाटीवरून गेलं. काकांनी डिस्क पुन्हा रुमालात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि रस्ता ओलांडून घरी गेले.

इथेच थांबलो असतो तर गोष्ट भित्रेपणाची झाली असती. भित्रेपणा काय, माणसाला माफ होतो. पण मी थांबलो नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी शटर अर्धं खाली ओढलं, ती डिस्क कॉम्प्युटरला जोडली आणि तो फोल्डर उघडला. का उघडला? तेव्हा स्वतःला सांगितलं की पेनड्राइव्हवर घालून काहीतरी निमित्ताने परत देता येईल. मुलाला सापडलं म्हणून सांगू, काहीतरी जमवू. हे खरं असेलही. पण दुसऱ्याचं बघायचं नाही हा माझ्या धंद्यातला पहिला नियम, आणि तो मी जेवणाचा डबा शेजारी ठेवून मोडला.

आणि ऐकलं. सगळं ऐकलं.

मोठं असं काही नव्हतं त्यात. शालन, गॅस बंद केलास का बघ गं. माझा चष्मा तू उचललास की मी ठेवला? भाजी छान झालीय — हे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या तऱ्हेने, एकदा मनापासून आणि एकदा अगदी उघडउघड खोटं. एका ठिकाणी ते बोलता बोलता थांबतात, आणि पंख्याचा आवाज तेवढा येत राहतो. मग म्हणतात, बावळटपणा आहे सगळा. आणि पुढचं वाक्य घेतात. शेवटचं वाक्य असं होतं. झोप तू, लाइट मी बंद करतो. त्यातला 'तू' थोडा लांबवलेला, आणि वाक्य संपल्यावर एक बारीक खाकरणं. मंडपात माइकवर बोलणारा माणूस हा नव्हताच. हा आवाज जगात एकाच बाईसाठी होता, आणि तो मी पोळी-भाजी खाता खाता ऐकत होतो.

पेनड्राइव्ह समोर होता. कॉपी करायला घेतलंही. मग पुन्हा ते सुरू झालं. काकांना हे ऐकताच कळणार नाही का? ते बँकेत नोकरी केलेले, हिशेबी माणूस. मुलाला विचारतील, मुलगा म्हणेल मी नाही दिलं. मग पिशवीतली डिस्क कुणाची, हा प्रश्न पाटीवर येणारच. मी त्यांच्या तोंडावर नाही म्हणालो होतो. नुसतं नाही नव्हे, उजेडात धरून नाही म्हणालो होतो. आता खरं बोलायचं तर आधीचं सगळं खोटं उलगडून दाखवावं लागणार होतं.

मी कॉपी रद्द केली, डिस्क सोडवली. आत गेलो. ड्रिल मशीनवर दसऱ्याच्या हळद-कुंकवाचे डाग अजून होते. डिस्क धरली आणि भोक पाडलं. एक पाडलं, मग अजून एक. कधी नव्हे ते मन लावून काम केलं. कीस झाडला, डिस्क डब्यात टाकली, हात धुतले आणि शटर वर केलं. कुणीतरी प्रिंटर घेऊन उभं होतं. मी त्याच्याशी नेहमीसारखा बोललो.

म्हणजे काकांना जे सांगितलं ते मी खरं करून दाखवलं. त्यांच्यासमोर ते खोटं होतं. आता खरं होतं.

याला काही वर्षं झाली. धंदा वाढला. काकू मला गिऱ्हाइकं पाठवतात, मिलिंदकडे जा, डोळे मिटून जा, असं सांगतात. काका जाता-येता हात वर करतात, मी वर करतो. दसऱ्याला पूजा असते, मशीन बंद असतं, आणि आता कुणी आलं तर मी सरळ सांगतो की उद्या या. लोक हसून उद्या येतात. इतकं सोपं आहे ते.

गेल्या दसऱ्याला दोघं आपट्याची पानं घेऊन दुकानात आले. काका बाहेर कुणाला तरी पाटीवर लिहून काही दाखवत होते, आणि काकू स्टुलावर टेकल्या. इकडचं तिकडचं बोलता बोलता हळू आवाजात म्हणाल्या, "यांचा आवाज विसरत चालले रे मी. माइकवरचा आहे फोनमध्ये, पण तो मंडळाचा. घरात असे नव्हते बोलत. रात्री लाइट बंद करताना रोज एक वाक्य म्हणायचे. काय म्हणायचे ते आठवतं. कसं म्हणायचे तेच आठवेना."

मी पेढ्यांचं ताट पुढे केलं. त्यांनी पेढा घेतला.

काका आत आले. माझ्या हातात पानं ठेवली. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, हे त्यांना म्हणता येत नाही, म्हणून दरवर्षी त्यांच्या वाटचंही मीच म्हणतो. या वर्षीही म्हणालो. काकू हसल्या, आणि दोघं रस्ता ओलांडून घरी गेले.

ते वाक्य कसं म्हणायचे ते मला आठवतं. 'तू' थोडा लांबवायचे, आणि शेवटी खाकरायचे.